मोठ्या रिव्हॉल्व्हरबद्दल ते बाळगणाऱ्यांना विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रव्यवहाराच्या पानावर अलीकडे एका वाचकाने सूचना केली आहे की चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनरक्षकांना आणि जंगलालगतच्या गावांतल्या निवडक तरुणांना मोठ्या बोअरची, म्हणजे जाड गोळी मारणारी, रिव्हॉल्व्हर द्यावीत. अलास्कात लोक अस्वलांपासून बचावासाठी .४४ मॅग्नम कमरेला लावून फिरतात, मग आपल्याच माणसांनी काठी घेऊन वाघाच्या जंगलात का जावं, असा त्यांचा सवाल आहे. त्यामागची तळमळ मला पोचली. मी मूळची मूल तालुक्यातली. मोहाच्या दिवसांत घरातली बाई पहाटे जंगलात गेली की ती परत येईपर्यंत घराचा जीव कसा टांगणीला लागलेला असतो, ते मी लहानपणापासून पाहिलं आहे. पुढे शिक्षणासाठी मी फेअरबँक्सला आले, मग अँकरेजला स्थायिक झाले. नद्यांचं पाणी मोजणं हे माझं काम. त्या पत्रात ज्या हत्याराची एवढी भलामण आहे ते माझ्या घरच्या तिजोरीत आहे, आणि ते बाळगणाऱ्या कितीतरी लोकांबरोबर मी नदीकाठच्या झुडपांतून चालले आहे. या रिव्हॉल्व्हरचा दरारा मराठी वाचकांपर्यंत पोचलेला दिसतो. ते रोज अंगावर वागवणाऱ्यांची मतं मात्र पोचलेली नाहीत. म्हणून हे लांबलेलं पत्र.

आधी वस्तू समजून घेऊ. .४४ मॅग्नम हे काडतूस १९५५ च्या अखेरीस बाजारात आलं. आयडाहो राज्यातला शिकारी आणि लेखक एल्मर कीथ त्याआधी कितीतरी वर्षं जुन्या .४४ स्पेशल काडतुसात जास्त दारू भरून प्रयोग करत होता. त्याच्या आग्रहातून रेमिंग्टनने काडतूस आणि स्मिथ अँड वेसनने त्याला झेपणारं रिव्हॉल्व्हर तयार केलं. नव्या काडतुसाची पुंगळी (दारू भरायचं धातूचं कवच) मुद्दाम लांब ठेवली, म्हणजे ते जुन्या, कमी ताकदीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसूच नये. उलट बाजूने मात्र चालतं: मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये सौम्य .४४ स्पेशल काडतूस बिनधोक वापरता येतं, आणि शहाणे मालक सरावाची सुरुवात त्यानेच करतात.

माझं रिव्हॉल्व्हर रुगर कंपनीचं सुपर रेडहॉक. आधीचं रेडहॉक १९७९ सालचं, सुपर रेडहॉक १९८७ सालचं, आणि २००५ मध्ये त्याचीच अडीच इंची नळीची आवृत्ती 'अलास्कन' नावाने आली. साडेसात इंची नळीचं सुपर रेडहॉक रिकामं असताना सुमारे दीड किलो भरतं. कानपूरला बनलेलं .३२ बोअरचं 'निर्भीक' अर्ध्या किलोच्या आसपास आहे, यावरून अंदाज यावा. .४४ मॅग्नमची नेहमीची गोळी २४० ग्रेनची, म्हणजे साडेपंधरा ग्रॅमची असते. .३२ च्या गोळीपेक्षा तिच्यात साधारण सातपट ऊर्जा असते. आणि तरीही ही ऊर्जा आपल्या पोलिसांनी पिढ्यान् पिढ्या वापरलेल्या .३०३ रायफलच्या गोळीच्या ऊर्जेच्या निम्मीसुद्धा भरत नाही. ही शेवटची तुलना वाचकांनी ध्यानात ठेवावी अशी माझी विनंती आहे, कारण 'मॅग्नम' म्हटलं की हातात तोफ आल्यासारखं वाटू लागतं.

डबल अ‍ॅक्शन हा या रिव्हॉल्व्हरचा प्रकार: चाप ओढला की घोडा (मागचा छोटा हातोडा) मागे जातो, सिलिंडर, म्हणजे काडतुसांचं फिरतं नळकांडं, एक घर फिरतं आणि घोडा पडतो, सगळं एकाच ओढीत. या ओढीला पाच किलोच्या आसपास जोर लागतो. अंगठ्याने घोडा आधीच मागे ओढून ठेवला तर ओढ जवळपास निम्मी हलकी होते आणि नेमही सुधारतो. शिकारीला बसलेला माणूस तसंच करतो. धावून येणाऱ्या तपकिरी अस्वलासमोर अंगठ्याला ती सवड नसते. हे जनावर तासाला पन्नास किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने येतं, म्हणजे तीस मीटरचं अंतर दोन सेकंदांत संपतं. त्या दोन सेकंदांत रिव्हॉल्व्हर बाहेर काढायचं, जड चाप सरळ मागे ओढायचा आणि हलणाऱ्या लक्ष्यावर नेम धरायचा. मालकांची सगळी मतं शेवटी या दोन सेकंदांभोवती फिरतात.

सुपर रेडहॉकच्या मजबुतीबद्दल मात्र दुमत नाही. नळी जिथे चौकटीत बसते तिथे पोलाद पुढे वाढवलेलं आहे, त्यामुळे ते दिसायला बेढब वाटतं, आणि बरेच मालक तसं स्पष्ट म्हणतात. या रूपामागे कारण आहे. जुन्या रेडहॉकच्या काही नळ्या आट्यांपाशी, म्हणजे चौकटीत पिळून बसवतात तिथे, तुटल्या होत्या, म्हणून जास्त आधार देणारी चौकट आखली गेली. तुटण्याचं मूळ आट्यांना लावलेल्या वंगणात होतं हे पुढे उमगलं, पण तोवर नवी चौकट तयार होती आणि तिचा फायदा असा झाला की दुर्बीण बसवायच्या कड्यांसाठी चौकटीतच खाचा मिळाल्या. इथल्या केनाई नदीवर मासेमारांना नावेतून नेणारा एक ओळखीचा वाटाड्या आखूड नळीचं 'अलास्कन' छातीवरच्या पट्ट्यात बाळगतो. छातीवर अशासाठी की कमरेपर्यंत पाण्यात उभं राहायचं, वर रबरी विजार, पाठीवर पिशवी. कमरेचं हत्यार हाताला लागतच नाही. पावसात, माशांच्या चिकट्यात, खाऱ्या हवेत ते गंजलं नाही, अडकलं नाही, ही त्याची पावती. तक्रार एकच, पण मोठी: आखूड नळीतून बार उडाला की ज्वाळा आणि आवाज इतका की पुढची गोळी मारायची शुद्ध राहणं कठीण. मॅग्नम रिव्हॉल्व्हरचा आवाज १६० डेसिबलच्या वर जातो, आणि नदीवर कोणी कानात बोळे घालून मासे पकडत नाही.

स्मिथ अँड वेसनवाले याच्या उलट बोलतात. त्यांच्या '६२९' या .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरचा चाप मऊ आणि एकसारखा, वजन कमी, हातात तोल सुरेख. हे खरं आहे, मी ते चालवून पाहिलं आहे. मात्र या शतकाच्या सुरुवातीपासून कंपनीने चौकटीच्या डाव्या बाजूला किल्लीने बंद करायचं कुलूप बसवायला घेतलं. त्या छोट्या भोकावरून जुने मालक आजही चिडतात. जिवाच्या वेळी लागणाऱ्या यंत्रात एक जादा भाग कशाला, हा त्यांचा मुद्दा, आणि तो मला पटतो. रुगरमध्ये घोडा आणि काडतुसावर आदळणारी टाचणी यांच्यामध्ये एक पट्टी असते. चाप पूर्ण मागे ओढल्याशिवाय ती वर येत नाही, त्यामुळे सहाही घरं भरून नेली आणि खडकावर पडलं तरी बार उडत नाही. ओल्या दगडांवरून चालणाऱ्याला याहून मोठी सोय नाही.

एक गोष्ट पुरुष मालकांच्या बोलण्यात क्वचित येते, म्हणून मी जरा सविस्तर सांगते. मुठीची जाडी. लहान हाताच्या माणसाला जाड मूठ धरून चापापर्यंत बोट नीट पोचवता येत नाही. मग तो नकळत मूठ फिरवून धरतो, धक्का मनगटाऐवजी अंगठ्याच्या मुळाशी बसतो आणि दुसरी गोळी कुठे जाईल याचा भरवसा राहत नाही. साध्या रेडहॉकच्या मुठीत पोलादाचा पूर्ण सांगाडा असतो, त्याहून बारीक मूठ करताच येत नाही. सुपर रेडहॉकमध्ये त्या जागी एक आखूड खुंटी आहे आणि तिच्यावर हवी तेवढी बारीक मूठ चढवता येते. रेडहॉकमध्ये घोड्याला आणि चापाला मिळून एकच कमान (स्प्रिंग) आहे. सुपर रेडहॉकमध्ये दोन वेगळ्या, त्यामुळे चाप हलका करून घेणं सोपं जातं. दुकानात माझ्यापुढे एकामागून एक रिव्हॉल्व्हर ठेवली गेली तेव्हा मी ताकदीचा तक्ता बाजूला सारला आणि बोट कुठवर पोचतं एवढंच पाहिलं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या स्त्रियांनाही मी हेच सांगते. आपल्या वनखात्यात आज मोठ्या संख्येने तरुण मुली वनरक्षक आहेत. कोणत्याही हत्याराची खरेदी ठरवताना त्यांचे हात कोणी मोजणार आहे का?

(अमेरिकेतल्या मराठी वाचकांसाठी जाता जाता: विद्यार्थी किंवा एच-वन व्हिसावर असलेल्याला इथे सर्वसाधारणपणे बंदूक वा काडतूस जवळ ठेवता येत नाही, शिकारीचा वैध परवाना हा त्याला एक अपवाद आहे. अलास्कात बंदूक बाळगायला वेगळा परवाना लागत नाही हे ऐकून नव्याने आलेली मुलं केंद्राचा हा कायदा विसरतात. मी ग्रीन कार्ड हातात आल्यावरच दुकानाची पायरी चढले.)

आता ताकदीकडे. .४४ वर समाधान न मानणाऱ्यांसाठी .४५४ कॅसुल आहे, .४८० रुगर आहे, आणि २००३ पासून स्मिथ अँड वेसनचं .५०० मॅग्नम आहे. ते पाच गोळ्यांचं, आणि लांब नळीचं घेतलं तर दोन किलोंचं. माझ्या एका सहकाऱ्याने ते हौसेने घेतलं होतं. उंचापुरा, मजबूत माणूस. पुढच्याच हंगामात त्याने ते विकून .४४ घेतलं. तो म्हणाला की पहिली गोळी मी हव्या तिथे मारू शकतो, पण दुसरी मारायची हातालाच इच्छा होत नाही. जुन्या मालाचे दुकानदार सांगतात की विकायला येणारं .५०० बहुधा नव्यासारखंच असतं आणि त्याच्यासोबत काडतुसांचा जवळजवळ भरलेला डबाही येतो. इथे वर्षानुवर्षं हत्यार बाळगलेल्या लोकांच्या निवडीचा प्रवास मी पाहिला आहे. तो बहुतेकदा मोठ्याकडून लहानाकडे जातो. आता तर पुष्कळ जण रिव्हॉल्व्हर सोडून दहा मिलिमीटरच्या ग्लॉक पिस्तुलाकडे वळले आहेत. त्यात पंधरा गोळ्या, वजन कमी, धक्का सोसण्यासारखा. रिव्हॉल्व्हरला धरून राहिलेले म्हणतात की एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढला की पुढचं घर समोर येतं, आणि जनावर अंगावर असताना नळी त्याला टेकवून दाबली तरी बार उडतो. पिस्तुलाचा वरचा भाग मागे ढकलला जाऊन ते अडकू शकतं. मी याच गटातली. पण दुसऱ्या गटाच्या म्हणण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही.

मोठ्या काडतुसांचा आणखी एक दोष तो अनुभवलेले लोकच सांगतात. हलक्या वजनाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये एक बार उडाला की त्याच्या हिसक्याने शेजारच्या, अजून न उडालेल्या काडतुसातली गोळी पुंगळीतून थोडी पुढे सरकते. ती सिलिंडरच्या तोंडाबाहेर आली की सिलिंडर फिरायचं थांबतं आणि हातात उरतो लोखंडाचा तुकडा. माझं दीड किलोचं ओझं मी तक्रार न करता वागवते, त्याचं हेही एक कारण आहे.

आणि सराव. इथे क्षेत्रावर हत्यार नेणाऱ्याला कामाच्या ठिकाणी दरवर्षी चाचणी द्यावी लागते. दोरीने ओढलेलं लक्ष्य गाड्यावरून तुमच्याकडे धावत येतं. शिकवणारा तुमच्या नकळत सिलिंडरमध्ये एक-दोन रिकाम्या पुंगळ्या घालतो. चाप ओढला आणि बार झाला नाही तर नळीचं टोक स्थिर राहिलं पाहिजे. ते खाली झुकलं तर समजायचं की धक्क्याच्या भीतीने हात आधीच दचकतो आहे. मोठ्या बोअरवाल्या बहुतेकांचं टोक झुकतं. ती सवय मोडायला महिनोन् महिने लागतात आणि दोन-तीन महिने हत्याराला हात लावला नाही की ती परत येते. .४४ मॅग्नमची एक गोळी दुकानात एक डॉलरहून महाग पडते, म्हणून नियमित सराव करणारे पुंगळ्या जपून ठेवून घरीच पुन्हा भरतात. रिव्हॉल्व्हरची किंमत एकदाच मोजायची असते, सरावाची जन्मभर.

पत्रलेखकाचा समज आहे की अलास्कात सगळे अशी रिव्हॉल्व्हर बाळगतात. तसं नाही. अलास्काचं मासे आणि वन्यजीव खातं आपल्या माहितीपत्रकात म्हणतं की अस्वलावर गोळी झाडायची वेळ आलीच तर .३०० मॅग्नम रायफल किंवा बारा बोअरची, अखंड शिशाची गोळी मारणारी बंदूक योग्य; .४४ मॅग्नमसारखं दांडगं रिव्हॉल्व्हरसुद्धा आणीबाणीत अपुरं पडू शकतं, विशेषतः सराव नसलेल्या हातात. या खात्याइतका अस्वलांचा अनुभव जगात फार थोड्यांना असेल. मग लोक रिव्हॉल्व्हर का नेतात? कारण दोन्ही हात कामात असतात. पाण्याचा वेग मोजताना, गळ टाकताना, पन्नास अंशांच्या उतारावर झुडपं धरून चढताना खांद्यावरची रायफल दूर झाडाला टेकलेली असते. अंगाला चिकटून राहतं म्हणून ते बाळगायचं. ही त्याची खरी आणि एकमेव मातब्बरी, असं मला विचाराल तर मी म्हणेन.

आणि त्याच्याही आधी, हाताच्या पहिल्या आवाक्यात, मिरचीच्या अर्काचा फवारा. मी ओळखते त्या रिव्हॉल्व्हरधारकांपैकी बहुतेक जण तोही नेतात. अस्वलांचे अभ्यासक टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलास्कातल्या घटनांचा अभ्यास दोनदा प्रसिद्ध केला. २००८ च्या अभ्यासात १९८५ ते २००६ या काळातल्या फवाऱ्याच्या ८३ घटना होत्या. तपकिरी अस्वलांच्या बाबतीत ९२ टक्के वेळा फवाऱ्याने त्यांचं धावून येणं किंवा लगट थांबली, आणि फवारा बाळगणाऱ्यांपैकी ९८ टक्के माणसांना इजाच झाली नाही. २०१२ चा अभ्यास बंदुकांचा होता, १८८३ ते २००९ मधल्या २६९ घटनांचा. त्यात छोट्या हत्यारांना (रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांना) ८४ टक्के आणि लांब बंदुकांना ७६ टक्के यश मिळालेलं दिसतं. रिव्हॉल्व्हरप्रेमी हा ८४ चा आकडा अभिमानाने सांगतात. त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष फारसा सांगितला जात नाही: ज्यांच्याकडे बंदूक होती त्यांनी ती चालवली काय आणि न चालवली काय, माणसांना झालेल्या इजेत लक्षणीय फरक आढळला नाही. हल्ल्याच्या वेळी अस्वल कित्येकदा अचानक समोर येतं, बंदूक काढायला, खटका सोडायला, नेम धरायला वेळच मिळत नाही. फवाऱ्याला नेमाची गरज कमी, त्याचा ढग पसरतो. आम्ही छोट्या विमानाने तळ्यांवर उतरतो तेव्हा वैमानिक फवाऱ्याचे डबे केबिनमध्ये घेत नाही, विमान ज्या पोकळ पायांवर पाण्यावर टेकतं त्यांत ठेवतो. डबा आत फुटला तर विमान चालवायला डोळे उरणार नाहीत. रिव्हॉल्व्हर मात्र आत येतं. दोघांचे धोके वेगळे, आणि इथली माणसं दोन्हींचा हिशोब ठेवून चालतात.

गोळी झाडली की विषय संपत नाही. जीव वा मालमत्ता वाचवण्यासाठी अस्वल मारलं तर राज्याच्या खात्याला कळवावं लागतं, पंधरा दिवसांत लेखी तपशील द्यावा लागतो, नखांसह कातडं आणि कवटी सोलून काढून सरकारजमा करावी लागते. तुम्ही कचरा किंवा अन्न उघड्यावर टाकून अस्वल बोलावलं असेल तर बचावाचा मुद्दा टिकत नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातलं कलम ११ याच वळणाचं आहे: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी सद्हेतूने जनावर मारलं तर तो गुन्हा नाही, आणि मेलेलं जनावर सरकारचं. म्हणजे कायदा आपल्या वनरक्षकाच्या आड येतो असं नाही.

अडचण जंगलातली आहे. पत्रलेखकाने अस्वलाचं हत्यार वाघासाठी सुचवलं आहे, आणि इथेच माझा सगळ्यात मोठा आक्षेप आहे. तपकिरी अस्वल बहुतेक वेळा आधी दिसतं. ते मागच्या पायांवर उभं राहून वास घेतं, जबडा वाजवतं, कित्येकदा खोटी धाव घेऊन थांबतं. माणसाला निदान काही क्षण मिळतात. आपल्या भागात ब्रह्मपुरीच्या किंवा ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधल्या (भोवतालच्या पट्ट्यातल्या) जंगलात मोहफुलं वेचणारी बाई कमरेत वाकलेली असते. तेंदूपत्ता तोडणारा माणूस झुडपाच्या उंचीला बसलेला असतो. वाघ मागून किंवा बाजूने येतो, आवाज न करता, आणि पकडतो ती मान. त्या बाईच्या कमरेला जगातलं सगळ्यात उत्तम रिव्हॉल्व्हर असलं तरी तिचा हात तिथवर जाणार नाही.

पत्रात २०२१ च्या नोव्हेंबरातल्या कोलाऱ्याच्या घटनेचा दाखला आहे. ताडोबात व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी निघालेल्या महिला वनरक्षकाचा त्यात जीव गेला. ती बातमी वाचून मी इथे रडले होते. पण तिचा दाखला देताना घटना पूर्ण सांगायला हवी. वाघीण वाटेवर बसलेली त्या वनरक्षकाला लांबून दिसली होती. वनरक्षक आणि सोबतचे मजूर बराच वेळ थांबले, मग वाट सोडून आडरानातून वळसा घालून निघाले. त्या दाट झाडीत वाघिणीने मागून गाठलं. तिने जे केलं ते शिस्तीला धरून होतं. अशा ठिकाणी सोबतच्या मजुराच्या हातात .४४ दिलं असतं तर त्याने गोळी कुठे मारायची? साथीदारावर झेपावलेल्या वाघावर? ही गोळी कठीण ओतीव शिशाची, चपट्या तोंडाची आणि खोल जाण्यासाठीच बनवलेली असते. ती जनावरात थांबेलच असं नाही. आणि नेम चुकून वाघ नुसता जखमी झाला तर पुढचा बळी आठवड्याभरात लगतच्या गावातला असेल. जखमी अस्वलाला शोधायला इथे रायफली घेतलेले अनुभवी लोक जातात, आणि तेही या कामाला घाबरतात.

मी हत्यारांच्या विरोधात नाही. वाघाच्या संरक्षणासाठी नेमलेल्या विशेष दलाकडे चांगल्या रायफली असाव्यात, आणि त्यांनी वर्षभर त्या चालवाव्यात. पण गावातल्या तरुणाला रिव्हॉल्व्हर देऊन पाठवणं म्हणजे त्याला आणि त्याच्या घरच्यांना खोटा धीर देणं. इथे मी हे घडताना पाहिलं आहे. कमरेला मॅग्नम आली की नवखा माणूस बोलत चालायचं विसरतो, वाऱ्याची दिशा बघत नाही, ताज्या विष्ठेकडे लक्ष देत नाही, एकटाच जातो. ज्याच्याकडे काही नसतं तो टाळ्या वाजवत, मोठ्याने बोलत, चार जणांच्या टोळीने जातो आणि सुखरूप परत येतो. फवाऱ्याचे आकडे अस्वलांचे आहेत, तेही कोणी वाघाला लावू नयेत. आमच्याकडून घ्यायचंच असेल तर इथली शिकवण्याची पद्धत घ्यावी. माझ्या क्षेत्रातल्या प्रत्येक नव्या माणसाला हत्याराला हात लावू देण्याआधी अस्वलाची चाल, त्याचा मूड, वाट कधी सोडायची आणि कधी नाही, हे शिकवतात. हत्याराचा भाग शेवटी येतो, आणि ज्याला नको असेल त्याच्यावर त्याची सक्ती नसते.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावांत वनखात्याने स्थानिक मुलांची प्राथमिक प्रतिसाद दलं उभी केली आहेत. वाघ गावाजवळ आला की गर्दी मागे हटवणं, मोह आणि तेंदूच्या हंगामात पहाटे मजुरांच्या टोळ्यांबरोबर जाणं, ही कामं ही मुलं करतात. त्यांना मानधन वेळेवर मिळतं का, बॅटरी, बूट, शिट्ट्या, विमा पुरेसा आहे का, हे आपल्या वार्ताहराने एकदा गावोगाव जाऊन विचारावं, आणि महिला वनरक्षकांना काय हवं तेही त्यांच्याच शब्दांत छापावं, अशी माझी विनंती आहे. इथल्या अस्वल-सुरक्षा वर्गांत काय काय शिकवतात, त्याची टिपणं माझ्याजवळ आहेत. त्यातलं जे आपल्या रानाला लागू पडेल ते मराठीत करून, वाघांच्या जाणकारांकडून तपासून घेऊन, अशा दलांसाठी विनामूल्य द्यायला मी तयार आहे. कोणी मागितलं तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावं. मार्च-एप्रिलात मोह गळतो, त्याआधी कळलं तर बरं.

आपली,
एक वाचक
अँकरेज, अलास्का (मूळची मूल तालुका, जि. चंद्रपूर)